न ओढलेली पात

फार जुनी गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीत सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. शेजारी बाहेर गेला की त्याच्या घरट्यातलं गवत ओढून आणायचं, हा तिथला रिवाजच होता.

पिवळ्या नावाच्या तरुण नराचं घरटं अजून अर्धंच होतं आणि माद्या आजच घरटी बघून जोडीदार निवडायला येणार होत्या. त्याने शेजारच्या घरट्यातली गवताची एक पात चोचीत धरली आणि थबकला. पात निघाली, वीण उसवली, आतली अंडी विहिरीत पडली, असं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. शेजाऱ्याचं घरटं मात्र जिथल्या तिथे झुलत होतं.

"अरे, ओढ की!" वरून म्हातारे भोरूकाका ओरडले. "आपली चोच त्यासाठीच असते. आम्ही सगळ्यांनी ओढलंय."

पिवळ्याने पात सोडली. "काका, ओढताना तुम्हाला कधी अंडी पडताना दिसली नाहीत?"

"न पडलेली अंडी दिसतील कशी?"

"मला दिसली," पिवळ्या म्हणाला आणि गवत आणायला लांब नदीकाठी उडाला.

तो परतेपर्यंत माद्या येऊन गेल्या होत्या. त्याच्या अर्ध्या घरट्यावर भोरूकाका बसले होते, चोचीत त्याच घरट्याची पात धरून. पण ते ओढत नव्हते. खाली विहिरीत टक लावून बघत होते.