मरळ आणि भेंडाचा बेडूक

एका जंगलातून एक ओढा वाहत असे. वाहून वाहून दमला की तो एका मोठ्या कातळापाशी थांबे, आणि तिथे कमळाच्या पानांनी झाकलेला एक डोह झाला होता. त्या डोहात एक मरळ राहत असे. मरळ तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. हातभर लांब, काळपट हिरवी, डोके सापासारखे चपटे, आणि राग सदान्‌कदा नाकावर. माशाला नाक कुठे असते, असे विचारू नका. या मरळीला होते.

एरवी तिला रागावायला कारण लागत नसे, पण त्या दिवसांत कारणही होते. तिची पिल्ले नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती. लालचुटुक, जिऱ्याएवढी, शेकड्यांनी. सगळी एकाच घोळक्यात पोहत आणि मिनिटामिनिटाला श्वास घ्यायला वर येत. ती वर आली की पाण्यावर बारीक बुडबुडे उठत, आणि काठावरून कुणालाही कळे की इथे मरळीची पिल्ले आहेत. कातळाच्या कपारीत विरोळा नावाचा एक पाणसाप तेवढ्यासाठीच टपून बसलेला असे. आई जरा बाजूला झाली की तो त्या घोळक्यात तोंड घालणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणून मरळ पिल्लांच्या खाली डोळ्यांत तेल घालून उभी राही. तीन दिवस तिच्या पोटात कण गेला नव्हता, पण ती जागची हलली नव्हती. तिच्या या गुणाला नाव ठेवायला मी तरी तयार नाही.

अशात डोहाच्या काठावर एक म्हातारे पाणमांजर राहायला आले. त्याचे दात झिजले होते, सांधे धरले होते, आणि बुडी मारून मासा धरण्याचे दिवस केव्हाच सरले होते. पण माणसे ओढ्याकाठी गळ टाकून बसतात, ते त्याने जन्मभर झुडपाआडून पाहिले होते. त्याने बांबूचा एक लवचिक कळक तोडला, घायपाताच्या धाग्याची दोरी वळली, बाभळीचा काटा वाकवून गळ केला आणि मोराच्या पिसाचा पांढरा देठ दोरीला तरंगता बांधला. मासा लागला की तो देठ डुचकन बुडे. त्याची खरी श्रीमंती मात्र उंबराच्या ढोलीत होती. तिथे त्याची आमिषे मांडलेली असत: चकाकता शिंपला, सोनकिड्याचे पंख, खंड्याचे निळे पीस, आणि आत खडे भरलेली एक वाळकी शेंग.

रोज सकाळी ते आधी पाण्याकडे बघे आणि मगच ढोलीत हात घाली. पाणी नितळ असेल तर लहानसे पीस. गढूळ असेल तर शेंग, कारण गढुळात दिसत नाही पण खुळखुळ ऐकू येते. ऊन पडले की शिंपला. डोहातले मासे बिचारे एकेक करून लागत. मोराचा देठ बुडे, कळक वाकडा होई आणि पाणमांजर म्हणे, "या, या. तुमचीच वाट पाहत होतो."

मरळीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पायही नव्हता म्हणा तिला. पण तिला राग पाणमांजराचा येत नसे, माशांचा येई. "शिंपल्याच्या तुकड्याला तोंड लावता? आणि तेही पोट भरलेलं असताना?" ती खालूनच ओरडे. "अरे, किती दिवस झाले, माझ्या पोटात कावळे कोकलताहेत. मी बघते का त्या पिसाकडे? हावरटांनो, तुमच्याच जिभेनं मरता आणि वर डोहाचं नाव बद्दू करता!"

डोहातल्या म्हाताऱ्या कासवाने हे सगळे ऐकले होते. ते म्हणाले, "मरळे, भूक आवरतेस हे खरं. पण दुसऱ्याला हसू नये. गळ किती तऱ्हेचे असतात, ते आपल्याला कुठे माहीत असतं?"

"माझ्यासाठी गळ अजून कुणी बनवला नाही, कासवआजोबा," मरळ म्हणाली.

काठावर बसलेल्या पाणमांजराने मान वर केली. म्हातारे होते, पण कान शाबूत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्याने बाकीच्या माशांचा नाद सोडला आणि मरळीचा पिच्छा धरला. निळे पीस तिच्या तोंडापुढून नेले. ती म्हणाली, "शी!" शिंपला चमकवला. तिने शेपटी फिरवली. शेंग खुळखुळवली, सोनकिडा नाचवला, एकदा तर जिवंत गांडूळ टाकले. इतक्या दिवसांची उपाशी मरळ त्या गांडुळाकडे बघत राहिली आणि मग तिने डोळे दुसरीकडे वळवले. पाणमांजराने आपले आमिष गुंडाळले. "ताई, तुमच्यासारखी मासळी मी अजून पाहिली नाही," ते म्हणाले. मरळ फुशारली. तिला ते खरेच वाटले.

त्या संध्याकाळी एक लहानसा बेडूक काठावरून उडी मारून नेमका पिल्लांच्या घोळक्यात पडला. त्या पोराला बिचाऱ्याला काय ठाऊक! मरळ बाणासारखी वर आली, तिने त्याला जबड्यात धरून झटकले आणि लांब थुंकून दिले. बेडूक लंगडत काठाला लागला. पाणमांजराने हे पाहिले आणि ते कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत बसले. "खाल्लं नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "उपाशी असूनही खाल्लं नाही. नुसतं चावलं आणि थुंकलं. म्हणजे हिला भूक नाही धरत. हिला दुसरंच काहीतरी धरतं."

मग ते ओढ्याच्या दलदलीत गेले आणि भेंडाची एक काडी घेऊन आले. भेंड म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या झुडपाचा पांढरा, भुसभुशीत, हलका गाभा. कितीही दाबा, तो पाण्यावर येतोच. रात्र होण्याआधी त्याचा एक बेडूक तयार झाला. पाठीला हिरव्या पानाचा रस, पोट पांढरे, गवताचे दोन पाय. काटा त्याने पोटाखाली लावला नाही. पाठीवर पानाचा एक तुकडा चिकटवून त्याच्या आड चपटा बसवला, म्हणजे बेडूक कमळाच्या पानांवरून घसरत गेला तरी कुठे अडकणार नाही. हात असे कसबी, आणि डोके असे दुष्ट! म्हातारपणी दात झिजले, पोटाला लागते, हे सगळे मला कबूल आहे. कुणी लोभी असेल तर टाका त्याच्या लोभावर गळ. पण आईच्या जिवाची घालमेल बघून तिच्यावर गळ टाकायचा? मुलांनो, मला आजही याचा राग येतो.

सकाळी भेंडाचा बेडूक पाण्यावर आला. पाणमांजराने तो मरळीच्या अंगावर टाकलाच नाही. त्याने तो पिल्लांच्या डोक्यावर टाकला. टप्‌. पिल्ले दचकून पांगली आणि पुन्हा जमली. मरळ ताठ झाली. बेडूक ओढला गेला, पुन्हा आला. टप्‌.

"हलू नकोस," कासव म्हणाले. "त्याच्या पायांकडे बघ. बेडूक पोहताना पाय मारतो. हा मारत नाही."

"बघितलं मी. खोटा आहे तो. मला काय डोळे नाहीत?"

"मग झालं तर. खोटा बेडूक तुझ्या पिल्लांचं काय करणार आहे?"

"खोटा असला म्हणून काय झालं? माझ्या लेकरांच्या डोक्यावर नाचतोय तो! तुम्ही पाठीवर घर घेऊन हिंडता, अंगावर आलं की आत शिरता. तुम्हाला काय कळणार आईचा जीव?"

कासवाला हे लागले. तिसऱ्यांदा बेडूक आला आणि या वेळी तिथेच थांबून नुसता थरथरला. मरळीच्या डोळ्यांपुढे लाल झाले. भूक जिंकलेली, शिंपल्याला न भुललेली, डोहातली सगळ्यांत शहाणी मासळी वर उसळली आणि तिने त्या भेंडाच्या गोळ्याचा कडकडून चावा घेतला.

काटा वरच्या ओठातून आरपार गेला. कळक कमानीसारखा वाकला. पाणमांजर दोन्ही पाय रोवून मागे रेलले आणि ओरडले, "या ताई, या! तुमच्यासाठीच बनवलाय!" मरळ खाली गेली, वर आली, कमळांच्या देठांत शिरली, पार पलीकडच्या काठापर्यंत गेली. पण जितकी ती लांब जाई, तितकी पिल्ले एकटी पडत. तिला विरोळ्याची आठवण झाली. तिने सगळा जोर एकवटून कातळाच्या धारेला वळसा घातला. घायपाताची दोरी दगडावर घासली, एकेक धागा सुटत गेला आणि शेवटी ती तटकन तुटली. पाणमांजर काठावर उताणे पडले.

मरळ धापा टाकत पिल्लांकडे धावली. निम्मी पिल्ले नव्हती. विरोळा कपारीत परतला होता आणि त्याचे पोट फुगले होते. उरलेली पिल्ले एका पानाखाली अंग चोरून बसली होती. मरळ त्यांच्याजवळ गेली, आणि पिल्ले किंकाळ्या फोडत दाही दिशांना पळाली. तिला कळेना. ती पुन्हा जवळ गेली, पिल्ले पुन्हा पळाली. कारण तिच्या ओठाला तो हिरवा बेडूक लोंबत होता. ज्याला हाकलायला ती गेली होती, त्यालाच तोंडाशी घेऊन ती आली होती. आई आली, असे त्यांतल्या एकालाही वाटले नाही.

"आजोबा," मरळ म्हणाली आणि तिने ओठ पुढे केला. ज्यांना ती हावरट म्हणाली होती, ते मासे कमळांआडून बघत होते. त्यांच्यातले कुणी हसले नाही. कासव पुढे आले. सकाळी लागलेले बोलणे त्याने उगाळले नाही. म्हातारा जबडा लावून त्याने बाभळीचा काटा मोडला, बेडूक सुटला आणि तरंगत निघून गेला. बऱ्याच वेळाने एक पिल्लू आले. मग दुसरे आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणमांजराने नवा बेडूक आणला. टप्‌. मरळीचे अंगअंग पेटले. राग गेला होता, असे मी तुम्हाला सांगणार नाही. असा एका दिवसात राग जात नसतो. तिचा ओठ ठणकला, जबडा उघडला, आणि तिने तो मिटला. मग ती पिल्लांच्या खालून निघाली, त्यांना अंगाने ढकलत ढकलत मोठ्या पानाखाली घेऊन गेली आणि पानाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली.

भेंडाचा बेडूक मोकळ्या पाण्यावर दुपारपर्यंत नाचत होता. कपारीत विरोळा वाट पाहून पाहून झोपला. शेवटी पाणमांजराने दोरी ओढून घेतली, बेडूक उलटासुलटा करून पाहिला आणि ते म्हणाले, "रंग चुकला वाटतं." आणि ते नवा रंग शोधायला निघून गेले.

तात्पर्य : जो लोभ आवरतो, त्याच्या रागावर शत्रू गळ टाकतो, म्हणून ज्यांच्यासाठी राग येतो, त्यांना सोडून रागामागे धावू नये.