खुलाशासोबतचा फोटो

जंगलपट्ट्यातल्या त्या जिल्ह्यात कुणाचा कुणावर भरवसा नव्हता. ‘दैनिक सागवान’च्या संपादक विमलताई कोडापे पोलिसांना जंगलवाल्या बंडखोरांच्या बाजूच्या वाटत, जंगलवाल्यांना पोलिसांच्या.

एकदा ‘सागवान’ने छापलं की चकमकींच्या भीतीने पेंढरटोल्याच्या रस्त्यावर कुणी फिरकत नाही. दुपारीच पोलीस अधीक्षक कर्नाळे छापखान्यात हजर झाले. हसून बसले, वर चहाही मागितला. विमलताईंच्या मनात पाल चुकचुकली.

“ताई, बातमी खोटी आहे. रस्ता अगदी सुरक्षित आहे. उद्या तसा खुलासा छापा, नाहीतर छापखान्याला टाळं लागेल.”

“छापते की, साहेब! पहिल्या पानावर. फक्त आमची एक रीत आहे. खुलासा देणाऱ्याचा फोटो आम्ही त्याच जागेवर काढतो. पूल पक्का आहे म्हणणारे इंजिनिअरसाहेबही पुलावर उभे राहिले होते. चला, बाहेर माझी स्कूटर आहे, मागे बसा. रस्ता सुरक्षितच आहे, मग बंदूकवाले राहू द्या इथेच.”

छपाईची माणसं हातातलं काम थांबवून ऐकू लागली. साहेबांनी दारातल्या आपल्या बंदूकधाऱ्यांकडे पाहिलं, मग स्कूटरकडे.

“आज बैठक आहे.”

“मग उद्या?”

“उद्याही आहे.”

“हरकत नाही. आपल्याला सवड होईल त्या दिवशी छापू. तोवर टाळं लावलंत, तर लोक एवढंच विचारतील, साहेब फोटोला का गेले नाहीत?”

साहेब चहा न पिताच उठले. टाळ्याचं नाव न काढता जीपमध्ये बसले, आणि जीप पेंढरटोल्याच्या उलट दिशेला वळली.