भट्टीवरचा मोरपंखी डाग

खाडीच्या तोंडाशी दिवेखाडी नावाचं गाव होतं. त्या गावात एक भली मोठी भट्टी होती आणि त्या भट्टीचा राखणदार होता अंतोबा.

ही भट्टी कुंभाराची नव्हे, लोहाराचीही नव्हे. ती तेलाची भट्टी होती. दूरदेशीच्या गलबतांतून दाट, काळंकुट्ट तेल यायचं. ते दिव्यात घातलं तर नुसता धूर व्हायचा. पण भट्टीच्या प्रचंड आचेत ते तेल फुटायचं, जडाचं हलकं व्हायचं आणि दुसऱ्या टोकाच्या नळीतून पातळ, सोनेरी तेल झरत राहायचं. त्या तेलावर चाळीस गावांचे दिवे जळायचे. खाडीच्या टोकावरचा दीपस्तंभही त्याच तेलावर उजळायचा.

भट्टीला बाहेरून लोखंडी पत्र्याचं कवच होतं आणि आतून विटांचं अस्तर. विटा साध्या नव्हत्या. पांढऱ्या मातीच्या, आगीतच भाजलेल्या, आगीलाच अडवणाऱ्या. आग आणि लोखंड यांच्यामध्ये त्या विटा उभ्या होत्या म्हणून लोखंड टिकत होतं. पण त्या कुणाला दिसत नसत. लोकांना दिसायचा तो बाहेरचा चकचकीत पत्रा आणि त्याच्या सावलीत बसलेला अंतोबा.

दुपारी भट्टीभोवतालची हवा थरथरायची. तिच्यातून पाहिलं की पलीकडची खाडी, तिवरांची झाडं, काठाला लागलेल्या होड्या, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलायचं. नवखा वाटसरू डोळे चोळायचा. हे गाव खरं, की कुणाच्या झोपेतलं, असं त्याला वाटायचं. अंतोबाला मात्र ते दृश्य फार आवडे. तो तासन् तास त्या थरथरत्या हवेकडे बघत बसायचा आणि बघता बघता त्याचे डोळे मिटायचे.

अलीकडे त्याला एकच स्वप्न पडायचं. भट्टी पेटली त्याला बारा वर्षं होत आली होती. एवढ्या काळात ती एकदाही विझली नव्हती. आता तप पुरं व्हायला आठच दिवस उरले होते. त्या दिवशी महाराज स्वतः येणार होते. अंतोबाच्या खांद्यावर शाल पडणार होती. गावाच्या वेशीवर शिळा उभी राहणार होती आणि तिच्यावर अक्षरं कोरली जाणार होती : ‘ज्याने एक तप आग विझू दिली नाही, तो अंतोबा.’ डोळे मिटले की ती अक्षरं त्याला दिसत. बोटांनी चाचपावीत इतकी खरी दिसत.

एके सकाळी केसर त्याच्याकडे आली. केसर आगविटा भाजायची. तिच्या वडिलांनीच भट्टीचं पहिलं अस्तर लावलं होतं आणि त्यांच्या मागे ते काम तिनं उचललं होतं. ती बोलायची कमी.

“काका, जरा मागच्या बाजूला चला,” ती म्हणाली.

भट्टीची मागची बाजू खाडीकडे होती. तिथे पत्र्यावर ताटाएवढा एक डाग पडला होता. कोवळ्या गव्हाच्या रंगाचा. सकाळच्या उजेडात तो सुंदर दिसत होता.

“ऊन पडलंय,” अंतोबा म्हणाला.

“ऊन अजून या बाजूला आलेलं नाही, काका. हा रंग आतून आलाय. या जागी अस्तर खचलंय.”

“एवढी चांगली वीट, ती खचेल कशी?”

“काजळीनं. तेल फुटतं तेव्हा काजळी धरते. ती बारीक भेगेत शिरते आणि तिथे दगडासारखी घट्ट होते. आच कमीजास्त झाली की तीच विटेला आतून रेटते. भेग रुंदावते, आणखी काजळी शिरते. बारा वर्षं हेच चाललंय. मधे कधी भट्टी थंड करून बघितलीच नाही आपण.”

“मग आता काय म्हणतेस?”

“आग उतरवायची. तीही एकदम नाही. एकदम विझवली तर धड असलेल्या विटाही तडकतील. सावकाश उतरवायला तीन दिवस लागतील. म्हणून आजच सुरुवात करू.”

अंतोबानं मनात दिवस मोजले. मग तो हसला. “आठ दिवसांनी बघू. बारा वर्षं टिकली ती आठ दिवस टिकणार नाही होय?”

“टिकेलही. फुटेलही. फुटली तर पेटतं तेल खाडीभर पसरेल.”

“केसर, तू विटा भाज. भट्टी मी सांभाळतो.”

आग उतरवण्याचा हुकूम राखणदारानंच द्यायचा, अशी तिथली रीत होती. जाताना केसर एवढंच म्हणाली, “मी विटा भाजायला घेते. लागतीलच.”

ती गेल्यावर अंतोबानं चुन्याची बादली आणली. स्वतःच्या हातानं तो डाग रंगवला. तेवढा पत्रा पांढरा झाला. दोन पावलं मागे सरून त्यानं पाहिलं. डाग दिसत नव्हता. त्याला बरं वाटलं.

दोन दिवसांनी चुन्याखालून जांभळा रंग वर आला. गव्हाळ डाग आता पिकल्या करवंदासारखा झाला होता आणि ताटाचा परातीएवढा झाला होता. अंतोबानं पुन्हा चुना लावला. या वेळी दोन हात दिले. कुंचला पत्र्याला टेकला की चुना चुरचुरायचा. तो आवाज त्याला नको वाटत होता म्हणून तो मोठ्यानं भजन म्हणू लागला. येणारेजाणारे म्हणाले, “बघा, अंतोबा किती मायेनं भट्टी सजवतोय.”

त्या दुपारी त्याला झोप लागली, पण शिळेचं स्वप्न पडलं नाही. आपण भट्टीच्या आत एका लांबलचक गल्लीतून चाललो आहोत, असं त्याला दिसलं. दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती होत्या. आग होती, पण ती भाजत नव्हती, नुसती वाऱ्यासारखी अंगावरून जात होती. भिंतीतली एक एक वीट थकल्या माणसासारखी श्वास सोडत होती. अंतोबानं एका विटेवर हात ठेवला, तर ती कलली. तो दुसरा हात लावून तिला सावरायला गेला, तर शेजारची कलली. मग तिच्या शेजारची. त्याचे दोन हात पुरेनात. तो जागा झाला तेव्हा त्याचे तळवे ओले होते. ‘उकाड्यानं होतं असं,’ तो स्वतःला म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपार कलताना तो मागच्या बाजूला गेला.

तिथे भट्टीला लागून दगडी ओटा होता. कोळिणींनी त्याच्यासमोर बांबूच्या वलांडी घातल्या होत्या आणि त्यांवर बोंबील वाळत टाकले होते. म्हातारी गोमाबाई ओट्यावर डुलक्या घेत बसली होती. पावलं ऐकून तिनं डोळे किलकिले केले.

“ये रे बाबा अंतोबा. तुझ्या भट्टीची ऊब या दिवसांत किती वाढलीय! दोन दिवसांचे बोंबील एका दिवसात वाळतात. माझे गुडघेही दुखायचे थांबले. देव तुझं भलं करो.”

अंतोबाची नजर म्हातारीच्या नातीकडे गेली. पाच वर्षांची पारू बरोब्बर त्या डागाखाली उभी होती. चुना वाळून सुटत होता आणि त्याचे पांढरे पोपडे एक एक करून खाली तरंगत येत होते. पारूनं दोन्ही हातांची ओंजळ वर धरली होती. तिच्या केसांत पोपडे होते, खांद्यावर पोपडे होते.

“आजोबा, बघा ना,” ती म्हणाली. “भिंतीला फुलं आलीत. मी आजीसाठी वेचते.”

अंतोबानं वर पाहिलं. चुना गळून गेला होता तिथे पत्रा मोरपंखी निळा झाला होता. इतका सुंदर रंग त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्या निळाईच्या मधोमध पत्रा फुगला होता, उतू जाणाऱ्या दुधासारखा.

त्यानं पारूला उचलून कडेवर घेतलं. ओंजळीतली फुलं सांडली म्हणून ती रडू लागली. त्यानं गोमाबाईचा हात धरून तिला उठवलं.

“बोंबील राहू दे, गोमाबाई. चल इथून. सगळ्या जणी दूर व्हा. ही ऊब चांगली नाही. मला ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही.”

मग तो पुढच्या बाजूला धावला आणि त्यानं ओरडून सांगितलं, “आग उतरवा! सावकाश उतरवा! केसरला बोलवा!”

केसर धावत आली. त्या मोरपंखी डागाकडे तिनं एकदाच पाहिलं. ‘मी सांगितलं होतं,’ असं ती म्हणाली नाही. तिनं आधी काळ्या तेलाची धार कमी करवली, मग आच. तेल कमी झालं, आच उतरली, पुन्हा तेल, पुन्हा आच, असं तीन दिवस चाललं. ओट्याकडे कुणी फिरकू नये म्हणून अंतोबा स्वतः वाट अडवून बसला. दर प्रहराला पत्रा किंचित करकरायचा. तो आवाज आला की तो उठून डागाकडे बघायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आग विझली. भट्टीवरची हवा थरथरायची थांबली. बारा वर्षांत पहिल्यांदाच पलीकडची खाडी स्थिर दिसली आणि ती पाहून गावातल्या लहान मुलांना नवल वाटलं.

तप पुरं व्हायला एक दिवस कमी पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज आले. बरोबर शाल होती, वाजंत्री होती. पण भट्टीतून धूर नव्हता. महाराजांनी वाजंत्री थांबवली.

“अंतोबा, आग कुठे आहे?”

“विझवली, महाराज.”

“एका दिवसासाठी?”

अंतोबानं भट्टीचं दार उघडलं. महाराज वाकून आत गेले. त्यांच्यामागे केसर आणि अंतोबा गेले. आत अजून कोमट होतं. झरोक्यातून उन्हाची एक तिरीप आली होती आणि तिच्यात काजळीचे कण तरंगत होते. खाडीकडच्या भिंतीवर विटा काळ्या पडल्या होत्या. महाराजांनी एका विटेला बोट लावलं. बोट आत गेलं. भिजलेल्या ढेकळासारखी वीट त्यांच्या हातात विरघळली आणि तिच्यामागून लोखंड दिसलं. ते झिजून पातळ झालं होतं, पापडासारखं.

“आजचा दिवस निघाला असता का?” महाराजांनी विचारलं.

केसर म्हणाली, “निघाला असता, असं मी म्हणणार नाही.”

महाराज अंतोबाकडे वळले. “म्हणजे तू गाव वाचवलंस.”

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. पण अंतोबा म्हणाला, “नाही, महाराज. या केसरनं मला आठ दिवसांपूर्वी डाग दाखवला होता. मी त्याच्यावर चुना फासला. एकदा नाही, दोनदा. वेशीवर माझं नाव कोरलं जाणार होतं, त्याचा मला मोह पडला. चार दिवस मी सगळं गाव त्या पत्र्याच्या भरवशावर ठेवलं. मग एका पोरीच्या ओंजळीत माझा चुना पडलेला पाहिला, आणि पुढे मला ते सोसवलं नाही.”

आत कुठेतरी आणखी एक वीट सुटली आणि मऊ आवाज करून खाली पडली.

“शाल परत न्या,” महाराज म्हणाले. “भट्टीच्या किल्ल्या आजपासून केसरकडे. अंतोबा, तुला मी हाकलत नाही. केसर सांगेल ते काम कर.”

अंतोबानं कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि केसरच्या हातात दिल्या. आपल्याला फार वाईट वाटेल, असं त्याला वाटलं होतं. पण किल्ल्यांचं ओझं उतरलं तशी त्याची पाठ सरळ झाली.

नवं अस्तर लावायला महिना लागला. दिव्यांचं साठवणीतलं तेल काटकसरीनं वापरावं लागलं. दीपस्तंभाला पहिला मान दिला आणि घराघरांत एकेकच पणती लागली. लोक कुरकुरले. अंतोबा चाळीस गावांत फिरला आणि दारोदार सांगत राहिला, “डाग दिसला तेव्हाच सांगितलं असतं तर काम थोडक्यात भागलं असतं. हा अंधार माझ्यामुळे आहे.” कुणी दार लावून घेतलं. कुणी पाणी दिलं. परत आला की तो केसरच्या हाताखाली विटा घासायचा, सांधे भरायचा. सांधा भरताना तो श्वास रोखून धरायचा.

अस्तर पुरं झालं तेव्हा केसरनं लगेच मोठी आग पेटवू दिली नाही. आधी बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीइतकी आच. ओल्या विटांतलं पाणी हलके हलके वाफ होऊन गेलं. भट्टीच्या तोंडातून पांढरं धुकं निघालं आणि खाडीवर पसरलं. दोन दिवस गाव त्या धुक्यात होतं. होड्या अधांतरी तरंगल्यासारख्या दिसत होत्या आणि माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलत होती. मग आच चढली, काळं तेल आत गेलं आणि नळीतून सोनेरी धार लागली.

केसरनं नेम केला की दर वर्षी एकदा भट्टी थंड करायची आणि आत जाऊन प्रत्येक वीट बघायची. रोजच्या पाहणीचं काम तिनं अंतोबाला दिलं. तो रोज सकाळी पत्र्यापासून वीतभर अंतरावर तळहात धरून भट्टीला फेरी घालायचा आणि मग चावडीसमोर उभा राहून जे असेल ते मोठ्यानं सांगायचा. “आज चहूकडे सारखी ऊब आहे.” किंवा, “आज उगवतीकडे किंचित जास्त आहे. केसर, बघून घे.”

पहिल्यांदा लोक हसले. मग ऐकू लागले. एके दिवशी त्याचं सांगून झाल्यावर गर्दीतला एक नावाडी पुढे आला. पागोटं सारखं करत तो म्हणाला, “माझ्या होडीच्या तळाला चीर आहे. मी डांबर फासून माणसं नेतोय. आजपासून नेणार नाही, दुरुस्त करीपर्यंत.” त्याच्यामागून विहिरीवर रहाट ओढणारी बाई म्हणाली, “दोर आतून कुजलाय.” आणि वैद्यबुवा म्हणाले, “मला हल्ली बारीक दिसत नाही. मुळ्या निवडायला कुणीतरी जोडीला द्या.”

कुणी कुणाला हसलं नाही. खाडीवरून वारा येत होता. अंतोबा खाली बसला आणि एकेकाचं बोलणं ऐकत राहिला.

तात्पर्य: भेग दिसते तेव्हा ती विटेची असते, झाकली की ती आपली होते. म्हणून दोष लहान असतानाच, आणि मान जाणार असला तरीही, उघड सांगावा.