मथूसाठी लावलेली आग

फार वर्षांपूर्वी, मोठी लढाई चालू होती तेव्हा, खडपवाडीच्या झिलू तांडेलाची मुलगी मथुरा लष्करी विमान चालवायची. हो, आपल्याच वाडीची, मासे सुकवणाऱ्या घरातली. हसताय कशाला? तेव्हाही लोक असेच हसले होते. असं म्हणतात, की वारा फिरला की आधी मथूला कळायचं आणि मग माडांना. लढाईतले जखमी शिपाई विमानात घालून ती दवाखान्यापर्यंत आणायची, आणि तिच्या विमानात कधी कुणी दगावलं नव्हतं.

वाडीची एक जुनी रीत होती. इथल्या किनाऱ्याला पाण्याखाली खडक आहेत. धुकं पडलं की बायका वाळूवर आग पेटवायच्या. आग दिसली की होडीनं समजायचं, इथे येऊ नका, लांब राहा. वाडीतल्या पोरांना हे चालता येण्याआधी कळायचं.

एकदा माघात सकाळी असं धुकं पडलं की शेजारचं घर दिसेना. वर एक विमान घरघरत गोल गोल फिरत होतं. जवळच्या लष्करी छावणीतला जमादार धापा टाकत आला. म्हणाला, "वर मथुराबाई आहेत, सोबत जखमी आहेत. तेल संपत आलंय. ओहोटीची वाळू टणक आहे, तिथे आग लावा. आग दिसली की विमान उतरतं."

सगळी वाडी धावली. सुक्या झावळ्या, मोडक्या होडीच्या फळ्या, हाताला लागेल ते आणलं. मथूच्या आईनं, बायजानं, स्वतःच्या चुलीतलं जळतं लाकूड आणून आग लावली. घाईत कुणाला काही सुचलंच नाही. मला अजून राग येतो तो याचाच. एवढी समुद्रावरची माणसं, आणि एकालाही आठवू नये!

असं म्हणतात, विमान इतकं खाली आलं की काचेआड तिचा चेहरा दिसला. तिनं आग पाहिली. आणि विमान समुद्राकडे वळलं.

तेव्हा तिचा बाप झिलू ओरडला, "इजवा रे, इजवा! तां माझां चेडू! आग बघून तां हय येवचां नाय!"

दुसरं कुणी चालवत असतं, तर उतरलं असतं.

लोकांनी हातापायांनी आग विझवली. बायजाचे हात कोपरापर्यंत भाजले. घरघर लांब लांब गेली आणि थांबली. ना मथू मिळाली, ना ते शिपाई. असं म्हणतात, त्या वर्षी वाडीवरचं धुकं उठलंच नाही, आणि ओढलेल्या प्रत्येक जाळ्याला तेलाचा वास यायचा.

तेव्हापासून खडपवाडीच्या किनाऱ्यावर कुणी आग लावत नाही. होळीसुद्धा डोंगरामागे पेटते. धुक्यात होड्या अडकल्या की बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून आपापल्या माणसांना नावानं हाका मारतात. पण त्याआधी, कुणाचा नवरा बाहेर असो की मुलगा, सगळ्या मिळून एक हाक मारतात, "ये गो मथू, हय ये!"

मग जरा वेळ थांबतात. आणि मगच आपल्या माणसांना बोलावतात.