खटकीचा नकार

विजेच्या तारा भिंतीवरच्या लाकडी पट्टीवरून धावत, त्या काळी बोर्डावरच्या, भार जास्त झाला की पडून वीज तोडणाऱ्या नव्या खटकीला गिझरकाकांनी बजावलं होतं, "थोरांनी मागितली की वीज द्यायची, मोजायची नाही."

एका सकाळी गिझरकाका तापत असताना इस्त्रीआत्याही सुरू झाल्या. दोघांना वीज पुरवणारी तारमावशी पोळू लागली.

"आत्या, थांबा ना!" खटकी म्हणाली.

"माझा रोध काकांच्या दुप्पट, शेहेचाळीस ओहम! मी कितीशी घेते गं?"

"दोनशे तीस व्होल्ट भागिले शेहेचाळीस, पाच अँपिअर. काकांचे दहा. मिळून पंधरा, म्हणजे साडेचौतीसशे वॅट! मावशीला दहाच अँपिअर झेपतात."

"मावशी कधी बोललीय?" काका गुरगुरले. "सवय आहे तिला."

"म्हणून मीच बोलतेय. एकानं थांबा."

"आम्हांला शिकवतेस? दे वीज!" काका ओरडले.

"नाही देणार!" म्हणत खटकी खाडकन खाली पडली.

काकांची गुरगुर थांबली. आत्यांचा दिवा विझला. तारमावशी हळूहळू निवू लागली.