कुंपणापलीकडची शूऽऽ

एका गावाच्या टोकाला एक कुंभारीण राहायची. गाव कुठलं ते विचारू नका. जिथं लहान मुलं आहेत, त्यातलंच एक.

नवरा मडकी घेऊन बाजारोबाजार फिरे. घरी ती, तिचं चाक आणि अडीच वर्षांचा मुलगा. मुलाच्या कमरेला करदोटा, अंगात झबलं आणि खाली काहीच नाही. त्यामुळे कुठं बसावं आणि कुठं बसू नये, हा प्रश्न त्याला पडत नसे. अंगणात कच्ची मडकी वाळत असत. नेमकी त्यांच्यावरच स्वारी धार सोडी.

मुलांना वळण कसं लावायचं, हे त्या गावच्या सगळ्या आयांना ठाऊक होतं. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, दोन्ही पावलं जुळवून त्यांवर मुलाला बसवायचं आणि तोंडानं हलकेच शूऽऽ करायचं. मग थांबायचं. कुंभारणीला शूऽऽ करता येई, थांबता मात्र येत नसे. दोनदा शूऽऽ केलं की ती उठे, आणि ती उठली की मुलगा अंगणात जाऊन आपलं काम उरके.

दिवाळी जवळ आली होती. एका दुपारी मुलानं ओल्या पणत्यांच्या अख्ख्या रांगेचा चिखल केला. तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

“जा, ज्याला येळ आसंल त्याच्याकडं जा. मला न्हाई.”

तेवढ्यात निवडुंगाच्या कुंपणापलीकडून आवाज आला, शूऽऽ. वारा नव्हता. मुलगा रडायचा थांबला आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेला. तिकडे माती काढून काढून पडलेला खड्डा होता, माणूसकाणूस कोणी नव्हतं. कुंभारीण अर्धी उठली. पण चाकावर गोळा फिरत होता. ती परत बसली.

थोड्या वेळानं मुलगा आला. स्वच्छ धुतलेला, पुसलेला.

मग रोज तसंच होऊ लागलं. पलीकडून शूऽऽ आलं की मुलगा जाई आणि धुऊनपुसून परत येई. अंगण कोरडं राहिलं, पणत्यांचे ढीग लागले. शेजारीण म्हणाली, “लवकर शिकलं गं तुझं पोरगं.” कुंभारीण म्हणाली, “आमचा शाणाच हाय.” आवाज तिला रोज ऐकू येई. पण बघायला जायचं म्हणजे चाक थांबवायचं.

मुलाच्या अंगाला ओल्या मातीचा वास येऊ लागला. कुंभाराच्या घरात तो कोणाला वेगळा जाणवणार? त्याचे तळहात गार पडू लागले. तो आई म्हणेनासा झाला. एकदा तो दगडावर आपटला, गुडघा फुटला. तिनं हात पसरले. तो तिच्या हातांजवळून धावत गेला, तो थेट कुंपणापलीकडे. तेव्हा कुठं तिच्या काळजाचं पाणी झालं.

भट्टी पेटलेली होती. भट्टीवर दिवसभर नजर ठेवावी लागते. तरी ती मागोमाग गेली.

खड्ड्यातल्या ओल्या मातीत दोन पावलं उमटली होती, शेजारी शेजारी, जुळवलेली. तिथं येणारी पावलं नव्हती, तिथून जाणारीही नव्हती. त्या पावलांवर मुलगा बसला होता, पाठ मागे टेकून. मागे काहीच नव्हतं.

तिनं त्याला उचलायला हात घातला. तो हलेना. मातीच्या ओल्या गोळ्यासारखा जड झाला होता, आणि तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावं तसा पाहत होता.

“कशाला आलीस?” कोणीतरी अगदी मायेनं विचारलं. “तुझी कामं पडली असतील.”

“माझं लेकरू हाय त्ये.”

“ज्याला येळ आसंल त्याच्याकडं जा, असं तूच म्हणालीस. मला येळच येळ हाय.”

कुंभारीण भांडली नाही. ती समोर चिखलात बसली, पाय लांब केले, पावलं जुळवली आणि म्हणाली, शूऽऽ. मुलगा हलला नाही. तिनं पुन्हा शूऽऽ केलं.

वाऱ्याबरोबर जळका वास आला.

“भट्टी एका अंगानं भडकली बघ,” आवाज म्हणाला. “दिवाळीचा सगळा माल जाईल. तू जाऊन ये. मी हाय की इथं.”

तिचे पाय उठायला शिवशिवले. भट्टीत मडकी फुटल्याचे आवाज येत होते. ती बसून राहिली. पायांना मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाले. ऊन उतरलं. मग मुलगा हळूच उठला, दोन पावलं चालला आणि तिच्या पायांवर येऊन बसला. आता तो हलका होता. तरी तिनं घाई केली नाही. ती शूऽऽ करत राहिली, आणि बऱ्याच वेळानं तिच्या बधिर पावलांवरून ऊन ऊन धार वाहिली. ती हमसून हमसून रडली.

“आई,” मुलगा म्हणाला, “झाली.”

समोरच्या दोन्ही पावलांत पाणी भरलं होतं.

घरी येऊन पाहते तर भट्टी काळी पडलेली, एक पणती धड नाही. तिला वाईट वाटलं, खूपच वाटलं. त्यात मुलगा शिकलेलं सगळं विसरून गेला. त्या हिवाळ्यात त्यानं किती मडकी भिजवली असतील, देव जाणे. ती पाटावर बसे, पाय लांब करी आणि वाट पाही. कधी कंटाळून ती अर्धी उठलीच, तर कुंपणापलीकडून कोणीतरी हलकेच म्हणे, शूऽऽ.

आणि ती परत खाली बसे.

तात्पर्य: आपल्या मुलासाठी आपल्याला वेळ नसला, तरी कोणाला ना कोणाला तो असतोच.