दिनकरचा पास

पेठेच्या फुटबॉल संघाचे कडेनं धावणारे दोन्ही विंगर यंदा नुसतेच पळत होते. चेंडू काही त्यांच्या पायाला लागत नव्हता. धुक्यातल्या सकाळच्या सरावाला तालमीच्या कट्ट्यावर त्यावरूनच जुंपली होती. कुणी बुटांना दोष देई, कुणी पोरांच्या डोळ्यांना.

अध्यक्ष खंडेरावांनी काठी आपटली. "गेल्या साली वारलेला दिनकर विंगर ह्या पोरांचे पाय धरून ठेवतोय. दोघांनाही काढा!"

दिनकरची बायको हौसाकाकू तेवढी उठली. नवऱ्याचा एकही सामना तिनं चुकवला नव्हता. "आधी दोघांस्नी बाहेर बसवा," ती म्हणाली, "आन् तुमच्या भाच्याला मोकळ्या मैदानात पास मारू द्या."

मधल्या फळीत खेळणाऱ्या अध्यक्षांच्या भाच्यानं, संग्रामनं, धुक्यात चेंडू मारला. मग दुसरा, मग तिसरा. सगळे जाऊन बघतात तर रेषेजवळ, दिनकर जिथं उभा राहायचा नेमका तिथं, तिन्ही चेंडू एकमेकांना चिकटून थांबलेले.

काकू म्हणाली, "अध्यक्ष, भूत पोरांच्या पायात न्हाई, तुमच्या भाच्याच्या सवयीत हाय. मेलेल्याला पास देणाऱ्याला ठेवायचं आन् जित्यांना काढायचं व्हय?"

खंडेरावांची काठी पुन्हा काही आपटली नाही. संग्राम मात्र पांढराफटक पडला होता. "काकू, दिनकरदा अजून हात वर करून चेंडू मागतोय."

हौसाकाकू धुक्याकडे वळली. "अवो, हात खाली घ्या आता. पोरास्नी खेळू द्या."